तोंडाने वाजवायचा स्टार्टर

पिंप्राळ्यात सुपडूनानांच्या पत्र्याच्या शेडसमोर चांगली शहाणीसुरती माणसं तोंडाने गाडीचे आवाज काढताना दिसली, तर घाबरू नका. ती गिऱ्हाइकं आहेत. नाना गाड्यांच्या बॅटऱ्या, वायरी, स्टार्टर दुरुस्त करतात आणि त्यांच्याकडे तक्रार सांगायची रीत एकच. "काय बिघडनं ते माले नको सांगू. कशी वाजस ते करी दाखाड."

एकदा एक निवृत्त मामलेदार स्कूटर घेऊन आले. ज्यांनी जन्मभर आवाज चढवून दुसऱ्यांना गप्प केलं, ते गृहस्थ गाल फुगवून 'ढर्र ढर्र' करत होते आणि नाना स्टुलावर बसून मान हलवत होते, "नही जमनं, साहेब. परत." मी समोरच्या टपरीवर पोट धरून हसलो. वर तोंडाला रुमाल बांधलेला नानांना चालत नाही. आमच्या उन्हात रुमाल सोडायचा म्हणजे जिवावर येतं, पण त्यांच्यापुढे सोडावाच लागतो. "गाडी खोटं नही बोलस, मालक बोलस. म्हनीसन तोंड दखनं पडस."

शेवटी माझ्यावरही पाळी आली. पहूरकडे माझी केळीची बाग आहे. ओळींतून खताच्या गोण्या न्यायला मी एक जुनी एटीव्ही घेतली. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवून फिरवून ती आधीच दमली होती. बायको म्हणाली, "पन्नाशीत माणसाला देवधर्म सुचतो, तुम्हाला जत्रेतलं खेळणं सुचलं!" दसऱ्यानंतर ते खेळणं उठेचना. बटण दाबलं की नुसतं कण्हायचं. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. मग टेम्पोत घातली आणि नानांपुढे आणून उतरवली.

"कर," नाना म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि केलं. "ढर्र… ढर्र… टक्."

"टक् पहिले का शेवटले?"

"शेवटी."

"खरं सांगी राहिना ना?"

चार वेळा करून घेतलं. टपरीवर आता दुसरे लोक हसत होते. मग नानांनी दोन-तीनदा बटण दाबून धरलं आणि एकेका वायरीच्या जोडाला बोट लावत गेले. "जठे जोड तापस, तठे करंट आडस." अर्थिंगची वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बोल्टने आवळली होती, तिथून त्यांनी बोट झटकन मागे घेतलं. बोल्ट काढला. खाली चकचकीत निळा रंग.

"हाऊ रंग कोन्ही दिन्हा?"

दसऱ्याच्या पूजेला गाडी नवी दिसावी म्हणून मीच हौसेने चासी रंगवली होती. वायर सोडवून तिच्या खालीसुद्धा दोन हात मारले होते. मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो.

"नवरदेवले नटाडं, पन त्यानं तोंडच शिवी टाकं!" असं म्हणत नानांनी पॉलिशपेपरने रंग खरवडला, बोल्ट आवळला, एक तळहात स्टार्टरवर ठेवून बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली. त्यांनी ती बंद केली आणि पाठमोरे होऊन पाने-पक्कड गोळा करू लागले.

"नाना, म्हणजे जुनी बॅटरी चालली असती का?" मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तेवढ्यात शेडमधला बल्ब तीनदा लागला आणि विझला. मला वाटलं, लाइट चालली.

"चाल, चहा व्हयना," नाना म्हणाले आणि उठले.

शेडच्या मागेच त्यांचं घर. दारात, बल्बच्या बटणाजवळ त्यांच्या पत्नी, अक्का, उभ्या होत्या. नाना हात धुवायला मोरीकडे गेले, तशा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दोनदा इचारं ना? त्यासले ऐकू नही येत. दोन वरीस व्हयनात. सारं तोंडवर दखीसन वळखतस. कोनले सांगू नका. पुन्याले पोऱ्याले कळनं, तर तो शेडले कुलूप लाई आन आमले लई जाई. शेड गई, तर ह्या मानूसनं काय ऱ्हास?"

इतके दिवस टपरीवर बसून हसलो, त्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. अक्कांनीच घेतला. "नाना ना? गिऱ्हाइकमा गुतेल शेतस," असं लेकाला सांगितलं, मग नातीचं बराच वेळ हसत हसत ऐकलं आणि फोन ठेवला. नाना समोर येऊन बसले होते. चहाला हात लावला नव्हता.

"नात काय बोलनी?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला. सत्तरीच्या त्या बाईने मान वेळावली, ओठ पुढे काढले आणि तीन वर्षांच्या पोरीसारखं म्हटलं, "आबा, मी शालेत पलले. पन ललले नाही!"

नाना त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांचेही ओठ तसेच हलत होते. चहावर साय धरली होती.

"आखो एकदाव कर," ते म्हणाले.