बापू ड्रेसर आणि आईचा बाप

बापू ड्रेसरांशी नवी ओळख झाली की ते तुमचं नाव विचारायचे नाहीत. आधी तुमचं मनगट धरायचे. नाडी बघायला नव्हे. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती लावून ती एकमेकांना भिडतात का, एवढंच बघायचे. नाही भिडली तर चेहरा खुलायचा. "हाड हाय!" भिडली तर हात हळूच खाली सोडायचे आणि म्हणायचे, "बारीक हाय." घरात कुणी गेल्यासारखा आवाज. मग दुसरा प्रश्न.

"आईचा बाप काय करायचा?"

गिरणीचे नवे मॅनेजर पहिल्या दिवशी गाडीतून उतरले, स्वागताला हार घेऊन आम्ही उभे, तर गर्दीतून बापूंचा हात पुढं आला. साहेबांना वाटलं, शेकहँड. साहेब हसले. बापूंनी मनगट पकडलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, आईचा बाप काय करायचा?" साहेब बिचारे गोंधळून म्हणाले, "पोस्टात होते." बापूंनी मान हलवली. "बसून काम. जमायचं न्हाई." ते साहेब सहा महिन्यांत बदली घेऊन गेले, आणि माधवनगरात बापूंचा भाव वधारला.

बापू जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गाईगुरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचत असताना वळूचं मुंडकं धरायचं. खिलार बैलांची खानदानं त्यांना तोंडपाठ. त्यांचं शास्त्र तिथंच तयार झालं होतं.

"बैल घ्यायला जातोस आन् बैलच बघतोस? त्याची आई बघ. आईचा बाप बघ. ताकद येती ती आईकडनं. बापाकडनं नुसतं आडनाव येतं."

एकदा गल्लीतल्या एका पोराला मुलगी दाखवायला नेलं, तेव्हा बापू न बोलावता बरोबर गेले. मुलगी पोहे घेऊन आली. बापूंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात बाजेवर तिच्या आईचे वडील पडले होते, त्यांचं मनगट धरलं, दंड चाचपला, आणि तिथूनच ओरडले, "पोरगी पसंत हाय!" लग्न झालं. त्यांना जुळे मुलगे झाले, तेव्हा बापूंनी पेढे वाटले.

हे सगळं शास्त्र त्यांनी माणसांवर लावलं ते आमच्या व्यायामशाळेत. गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोडक्या शाफ्टचा बार आणि ओतशाळेतून करून आणलेल्या लोखंडी चकत्या होत्या. बापू स्वतः कधी वजन उचलायचे नाहीत. अंगानं ते वाळल्या उसासारखे. पण रोज संध्याकाळी पाच वाजता हजर, आणि शिकवायचे ते बैलांच्याच भाषेत. "मुंडी वर! खूर रोव! वशिंडावर घे, वशिंडावर!" परगावच्या माणसानं बाहेरून ऐकलं तर त्याला आत शर्यत चाललीय असं वाटावं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, फोल्डिंग खात्यात कापडाची ठाणं मोजायचो. पहिल्या दिवशी बापूंनी माझं मनगट धरलं, तर त्यांची बोटं नुसती भिडली नाहीत, एकमेकांवर चढली.

"अवघड हाय गड्या. आईचा बाप?"

"खंडाळ्याला शिंपी आहेत."

बापू चकतीवर खाली बसले. "शिंपी? म्हंजे सुई उचलायचा?"

तरीही त्यांनी मला घालवून दिलं नाही. दोन वर्षं शिकवलं. जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायच्या स्नॅचपेक्षा माझा जर्क बरा होता. बार जमिनीवरून खांद्यावर घ्यायचा आणि तिथून एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. पण नव्वद किलोवर मी जो अडकलो तो अडकलोच. नव्वद डोक्यावर जायचं. साडेब्याण्णव घातले की बार खांद्यावर बसायचा आणि तिथंच राहायचा, भाडेकरूसारखा. माझ्यामागून आलेली पोरं माझ्या पुढं गेली. बापू रागवायचे नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तुझी चूक न्हाई रं. सुई हाय ती." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच सुमाराला सांगलीत स्पर्धा झाली. तिथं पुण्याचा एक वजन उचलणारा भेटला. त्यानं माझी रड ऐकली आणि पिशवीतून एक बिनलेबलाची बाटली काढली. आत बारीक गोळ्या. "परदेशी आहेत. सगळे घेतात," तो म्हणाला. "दोन महिने घे, मग मला पत्र टाक."

मी घेतल्या. कुणाला सांगितलं नाही.

काय सांगू तुम्हाला! तिसऱ्या आठवड्यात मला अशी भूक लागायला लागली की आई भाकरी थापता थापता थकायची. रात्री आठ भाकरी खाऊन मी शेजारी काय शिजतंय याचा वास घ्यायचो. पाठीवर पुळ्या आल्या, चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, सदऱ्याची बटणं तुटली. आणि बार! साडेब्याण्णव गेलं. पंचाण्णव गेलं. एका मंगळवारी शंभर किलो माझ्या डोक्यावर उभे होते आणि खाली बापू नाचत होते.

"वशिंड भरलं! आरं, वशिंड भरलं ह्याचं!"

माधवनगरात शंभर उचलणारा मी पहिलाच. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. बापू मात्र मला बाजूला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "खंडाळ्याचा पत्ता दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पहाटेची एसटी धरली. आईच्या बापाला बघायला! दोन दिवसांनी परत आले ते थेट आमच्या खात्यात, ठाणांच्या ढिगाऱ्यावरून उडी मारून.

"आरं, म्हातारा मशीनवर बसल्याला. मनगट धरलं, तर आगपेटीची काडी! म्हनलं, बापू, फुकट आलास. तेवढ्यात म्हाताऱ्यानं मशीनला पाय मारला. गड्या, पोटरी! चाळीस वर्सं पाय मारतोय त्यो. पोटरी न्हवं ती, नारळ हाय नारळ! मी म्हनलं, बाबा, उतरा खाली, मला बघू द्या. त्येनं धोतार वर केलं आन् मी पायाच पडलो."

"पण बापू, कमावलेली पोटरी नातवाला कशी येईल?"

"पोटरी न्हाई येत रं. चिकाटी येती!"

मी हसलो. ज्या माणसाला दोन वर्षं सुई म्हणून कमी लेखलं, त्याला आता बापू गावभर देव करून सांगत होते, आणि देव खरं तर माझ्या ट्रंकेत मोज्यात गुंडाळून ठेवला होता.

श्रावणात साताऱ्याला स्पर्धा होती. मी आणि दोन पोरं आदल्या दिवशी गेलो. बापू म्हणाले, "मी मागनं येतो." सकाळी वजनं करून मी हॉलमध्ये आलो, तर पहिल्या रांगेत, पंचांच्या शेजारच्या खुर्चीवर, काळा कोट घालून आजोबा! बापू त्यांना खंडाळ्याहून घेऊन आले होते. माजी सैनिक, कॉलेजची पोरं, सगळ्यांना सांगत होते, "ह्यो आईचा बाप! बाबा, दाखवा." आणि आजोबा, जे आयुष्यात चारचौघांत मोठ्यानं बोलले नव्हते, ते कौतुकानं धोतर गुडघ्यापर्यंत उचलून पोटरी दाखवत होते. एक पंच चष्मा पुसून बघत होता.

मला ते सहन होईना. बापूंना मागच्या नळापाशी नेलं आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, पुण्याचा माणूस, दोन महिने. अजूनही चालू आहे, हेही.

बापूंनी नळ सोडला.

"पाठीवर पुळ्या आल्या तवाच कळाया पायजे हुतं," ते म्हणाले. "बैलाला आल्या असत्या तर लगेच वळखलं असतं. तुझ्यात मला बघायचंच न्हवतं." मग एकदम, "म्हाताऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. सकाळपास्नं त्येनं पंधरा जणांना पोटरी दाखवलीया."

"मग मी नाव मागं घेऊ?"

"आन् त्यो काय बघायला आलाय? माझं त्वांड?" त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "गोळ्यांच्या आदी किती जात हुतं?"

"नव्वद."

"मग नव्वद माग."

जर्कची पाळी आली तेव्हा सगळ्यांच्या मागण्या पंचाण्णवच्या पुढं. माझी नव्वदची मागणी ऐकून हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी मंचावर गेलो. हाताला खडूची पूड लावली. समोर आजोबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते, हात मांडीवर, जणू तेच उचलणार. बार खांद्यावर आला. हलका वाटला, आणि त्या हलकेपणाची मला लाज वाटली. झटका दिला. बार डोक्यावर स्थिर. तीन पांढरे दिवे लागले. आजोबा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. नव्वद म्हणजे जास्त की कमी, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हॉलमध्ये टाळ्या वाजवणारे ते एकटेच होते, हेही. दुसरे दोन हात आले ते बापूंचे.

मी खाली उतरलो. बापू पंचांपुढं जाऊन म्हणाले, "बास. आमचं झालं."

"अहो, अजून दोन प्रयत्न आहेत तुमच्या मुलाचे!"

"ते आमचे न्हाईत," बापू म्हणाले आणि आजोबांना चहाला घेऊन गेले.

माझा नंबर सातवा की आठवा आला. पुढं शेडवर परत गेलो, बाटली विहिरीत टाकली. हळूहळू बार पुन्हा नव्वदवर आला, मग पंचाऐंशीवर. बापू रोज पाच वाजता यायचे, सगळ्यांना शिकवायचे, पण माझ्याशी एक शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर लोखंडी बारला सांगायचे. "त्या बारला कुणीतरी सांगा रं, पाठ वाकायलीया म्हनावं." मी पाठ सरळ करायचो. तीन महिने असंच चाललं.

दिवाळीत मी आईला घेऊन खंडाळ्याला गेलो. मामा फौजेत, त्याला रजा मिळाली नव्हती. आई वाटेत एसटीत म्हणाली, "यंदा चंद्रालाच ओवाळते."

आजोबांच्या दारात पोचलो, तर आत मशीनचा आवाज. आजोबा पडवीत उन्हाला बसलेले, पाय पसरून, आणि मशीनवर बापू! उशीचा अभ्रा शिवत होते. वाकडा.

मला पाहून ते उठायला लागले. आजोबा म्हणाले, "बस रे. अभ्रा पुरा कर." मग आईला सांगायला लागले, "माझ्या गुडघ्याला तेल लावायला येतो. बैलांना लावायचं तेल आहे, लई गुण आहे. महिन्यातून एक रविवार चुकत नाही. आधी माझ्या बापाचं, आज्याचं विचारायचा. आता काही विचारत नाही. बसतो, जेवतो, संध्याकाळच्या गाडीनं जातो."

"घरी कोण कोण असतं हो तुमच्या?" आईनं विचारलं.

बापू दोऱ्याचं टोक शोधायला लागले. आजोबांनीच हळू आवाजात उत्तर दिलं. "कुणी नाही गं. पांजरपोळात वाढला. लहानपणी तिथल्या गुरांमागं कुणीतरी सोडून गेलं होतं."

आई आत गेली. ताट केलं, निरांजन लावलं, पाट मांडला आणि बाहेर येऊन म्हणाली, "बापूदादा, चला. बसा."

बापूंनी आजोबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग दाराकडं. शेवटी पाटावर येऊन बसले, मंचावर पहिल्यांदा चढलेल्या पोरासारखे ताठ. डोकं उघडं होतं म्हणून आजोबांनी स्वतःची काळी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती मोठी होत होती. आईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग वाकून पायांना हात लावला, तेव्हा बापूंनी पाय झटकन मागं ओढून घेतले.

आई फराळ आणायला आत गेली. बापू जागचे हलले नाहीत. कपाळावरचं कुंकू पुसेल म्हणून भुवयासुद्धा हलवत नव्हते. मग माझ्याकडं जरासे झुकले आणि साताऱ्यानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"ह्याच्या फुडं काय करायचं असतंय रं?"

ओवाळणी घालायची असते, असं मी सांगितलं असतं तर त्यांनी अंगावरचा सदरासुद्धा काढून ताटात ठेवला असता.

"काही नाही, बापू," मी म्हणालो. "नुसतं बसून राहायचं."

ते बसून राहिले. टोपी डोळ्यांवर आली होती, तरी त्यांनी ती वर केली नाही.