उन्हाळी वाणाची थंडगार परीक्षा

भर उन्हाळ्यात बाईंचे टोमॅटो फळांनी लगडले होते आणि ते बघायला येणाऱ्या समितीला मात्र ऊन सोसत नव्हतं. सगळा घोळ इथून सुरू झाला.

बाई म्हणजे बियाणे संशोधन केंद्रातल्या टोमॅटो विभागाच्या प्रमुख आणि, खरं सांगायचं तर, अख्खा विभागही त्याच. साध्या टोमॅटोची फुलं झळांनी गळतात आणि फूल गेलं की फळ कुठलं? बाईंनी उमेदीची वर्षं खर्ची घालून असं वाण काढलं होतं, की कितीही तापलं तरी फूल देठ सोडत नसे. आता समितीने मंजुरीचा शेरा मारायचा तेवढा बाकी होता. तो या उन्हाळ्यात मिळाला नाही, तर बाईंचा वाफा जाणार होता. तिथे कार्यालयाच्या गाड्यांसाठी छप्पर घालायचं व्यवस्थापकांनी मनात धरलं होतं. गाड्या उन्हात तापतात हे त्यांना बघवत नसे.

"बाई, समिती काही वाफ्यावर येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही थोडी झाडं कुंड्यांतून सभागृहात आणा."

"अहो, उन्हात टिकतात का ते बघायचंय ना? सभागृहात काय बघणार?"

"झाडं बघतील. ऊन त्यांनी पूर्वी पाहिलेलं आहे."

बाईंनी नाइलाजाने कुंड्या नेऊन ठेवल्या. व्यवस्थापकांनी आदल्या दिवसापासूनच सभागृह गार करायला घेतलं. ऐन वेळी निरोप आला, उकाडा फार असल्यामुळे बैठक पुढच्या आठवड्यात. बाई कुंड्या परत न्यायला धावल्या, तर दाराला कुलूप. सजवलेलं सभागृह विस्कटायचं नाही, असा हुकूम होता. एसी बंद केला तर भिंती पुन्हा तापतील, म्हणून तोही चालूच.

समिती आली तेव्हा कुंड्यांभोवती पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. अध्यक्षांनी एक फूल उचलून चष्म्याजवळ धरलं.

"बाई, फुलं गळत नाहीत असं तुम्ही लिहिलंय."

"उन्हानं गळत नाहीत, साहेब. ही थंडीनं गळलीत. आठवडाभर कुडकुडतायत बिचारी."

"म्हणजे थंडी सोसत नाही. मोठाच दोष हा."

"पण हे उन्हाळी वाण आहे! शेतकरी काय एसीत लावणारेय का?"

"उद्या लावलं तर? जबाबदार कोण?"

सदस्यांनी माना डोलावल्या.

"साहेब, हात जोडते, पाच मिनिटं वाफ्यावर चला."

"एवढ्या उन्हात कोण उभं राहील?"

"टोमॅटो उभे आहेत की!"

हे अध्यक्षांना झोंबलं, पण माणूस न्यायी होता. त्यांनी तोडगा काढला. वाणाला ऊनच हवंय ना, मग इथे आणून द्या! गोदामातले हीटर आले. एका बाजूला झाडांसाठी हीटर, दुसऱ्या बाजूला समितीसाठी एसी, मध्ये पडदा. गरमी पडद्याखालून सदस्यांकडे सरकू लागली, तसा त्यांनी एसी वाढवला. मग बाईंनी हीटर वाढवला. शेवटी भिंतीत फट्कन आवाज झाला आणि सगळंच बंद पडलं.

गारवा बाहेर जाऊ नये म्हणून व्यवस्थापकांनी खिडक्यांना खिळे ठोकले होते. बघता बघता समिती घामाने निथळू लागली. सदस्य बाईंच्या अहवालाने वारा घेऊ लागले. अहवाल पहिल्यांदाच सगळ्यांच्या हातात दिसत होता.

"गाडीत एसी आहे!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे पळत सुटले.

गाड्या वाफ्यापलीकडे उभ्या होत्या. त्यामुळे समितीला टोमॅटोंमधूनच पळावं लागलं. अध्यक्ष मध्येच थबकले. रणरणत्या उन्हात झाडं ताठ उभी होती, खाली लालबुंद घोस आणि वर पिवळी फुलं. जमिनीवर एकही फूल नव्हतं. त्यांनी एक टोमॅटो तोडून खाल्ला, मग दुसरा.

"बाई, आमच्या हातून मोठं पाप होणार होतं," ते म्हणाले आणि तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी मंजुरीची सही केली. बाईंना रडू आवरेना. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांचं काम प्रथमच जागेवर येऊन पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापक स्वतः पेढे वाटायला आल्यासारखं तोंड करून आले.

"अभिनंदन, बाई! वाण मंजूर. संशोधन यशस्वीपणे पूर्ण झाल्यामुळे आता वाफ्याची गरज उरली नाही. छपराचे खांब उद्या येतायत."

"आणि नामंजूर झालं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"तर संशोधन फसलं म्हणून जागा घेतली असती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मग मी आता करू काय?"

"असं कसं म्हणता? अध्यक्षांनी खास तुमच्यासाठी नवं काम दिलंय. सभागृह तुम्हालाच." त्यांनी आवाज आदराने खाली आणला. "एसीत फुलं न गाळणारं वाण काढायचंय. पुढच्या पाहणीला कुणाला बाहेर पडावं लागू नये, अशी साहेबांची इच्छा आहे."