खंडेनवमीचा कॅमेरा

मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. ताटाचे दहा फोटो काढतात आणि आमटी गार करून खातात! म्हणून लष्कराच्या कॅम्पातल्या एका रिटायर सुभेदाराकडून मी रिळाचा जुना कॅमेरा घेतला. त्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. याला म्हणतात यंत्र, असं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. (कुणी विचारलं नव्हतं.)

तेवढ्यात सदलग्याहून सासूबाई आमच्याकडे येळ्ळूरला आल्या.

"जावईबापू, मी गेल्यावर भितीला लावायला एक बरा फोटो काढा की. आधार कार्डावरचा लावलासा तर बाराव्याची माणसं न जेवता पळतील."

"मोबाईलवर काढूया गं आई," आमची दिपाली म्हणाली.

"मोबाईल?" मी गरजलो. "जन्मभर भितीवर ऱ्हायाचा फोटो हाय त्यो! खबरदार कुणी मोबाईल काढला तर!"

सासूबाई इरकल नेसून, नथ घालून आरशाच्या कपाटापुढे बसल्या. "एकदाच नटणार हाय मी. परत न्हाय." मी एक डोळा मिटला, श्वास रोखला आणि खटके मारले. रीळ अजून शिल्लक होतं, म्हणून ते कॅमेऱ्यातच ठेवलं. सासूबाई खुशीत गावी गेल्या.

खंडेनवमीला दिपालीने विळा, खुरपं, मिक्सर, स्कूटर सगळं पुजलं. संध्याकाळी बघतो तर कॅमेऱ्याचं मागचं दार सताड उघडं आणि रिळावर हळदीकुंकवाची बोटं!

"अगं, उजेड लागला त्याला! तुझ्या आईचे सगळे फोटो गेले!"

"मग वरवरच पुजू व्हय? आत लई धूळ हुती."

दसरा उलटला तरी माझं तोंड थांबेना. तिचा अडाणीपणा, तिचं माहेर, अख्खा सदलगा, कुणाला म्हणून सोडलं नाही. आता त्या माउलीला काय दाखवायचं?

दिपालीने मोबाईल पुढे धरला. माझी बंदी मोडून तिने त्या दिवशी गुपचूप एक फोटो काढला होता. सासूबाई अगदी राणीसारख्या. मागच्या आरशात मी, एक डोळा मिटून. आणि माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर काळं झाकण घट्ट बसलेलं.

"हे काढायचं असतंय न्हवं?" तिने विचारलं.

आता तो फोटो मोठा होऊन सदलग्यात लागलाय. मला तेवढं त्यातून कापा, म्हणून मी फोनवर विनवलं.

"ऱ्हाऊ द्या वं," सासूबाई म्हणाल्या. "बाराव्याला रडून दमलेल्यास्नी तेवढंच हसू."