जलप्रेक्षकाची रिक्त जागा

पाणी पाहणे हे जबाबदारीचे काम आहे. ते सगळ्यांनी एकाच वेळी करून चालत नाही. बडोद्याच्या रविवार जलविहार मंडळाने ही गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीच ओळखली. मंडळाचे एक्केचाळीस सभासद, बहुतेक जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांच्या घरांतले. ज्यांच्या पणजोबांनी सही झाल्याशिवाय पानसुपारीचे तबकही हलू दिले नाही, त्यांनी सहल तरी ठरावाशिवाय कशी काढावी?

दर रविवारी सकाळी साडेसहाला घडियाळी पोळ या जुन्या वस्तीजवळून बस सुटते आणि डभोईच्या रस्त्याने रायसर जलाशयावर पोचते. तिथला मुक्काम साडेतीन तासांचा. पैकी सतरंज्या कोणत्या झाडाखाली घालाव्यात यावर पस्तीस मिनिटे, त्या उचलून दुसऱ्या झाडाखाली घालण्यात वीस, सेव-उसळ गरम करून खाण्यात दीड तास, उसळीची तरी या वेळी जास्त तिखट होती की मागच्या वेळी, या चर्चेत चाळीस मिनिटे, आणि उरलेला वेळ बसमध्ये डोकी मोजण्यात (एक नेहमी कमी भरते, मोजणारा स्वतःला विसरतो). यात पाण्याला वेळ द्यायचा कुठून?

म्हणून मंडळाने जलप्रेक्षक हे पद निर्माण केले. एका सभासदाने बांधावरच्या दगडावर पाण्याकडे तोंड करून बसायचे आणि न्याहारीच्या वेळी सर्वांच्या वतीने थोडक्यात अहवाल द्यायचा. बाकीच्यांनी पाण्याकडे पाठ करायची. एकच काम चाळीस जणांनी करणे हा निव्वळ अपव्यय होय.

सत्तावीस वर्षे हे पद भास्कररावांकडे होते. कोयलीच्या रिफायनरीत दाबाचे काटे वाचून निवृत्त झालेला हा माणूस, आहे त्यापेक्षा एक शब्द जास्त सांगत नसे. त्यांचे अहवाल वहीत आहेत. ‘पाणी शांत.’ ‘पाणी होते.’ ‘दोन ढोक आले, एक गेला.’ (दुसऱ्या पक्ष्याचे काय, असा खुलासा मागवण्यात आला. ‘बसला आहे,’ असा खुलासा प्राप्त झाला.) शेवटचा अहवाल फाल्गुनातला: ‘टिबुकली बुडाली. वर यायची आहे.’ त्याच आठवड्यात भास्करराव गेले. मंडळाने दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली आणि टिबुकली या बुड्या मारणाऱ्या पाणपक्ष्याचे प्रकरण प्रलंबित म्हणून नोंदवले.

रिक्त पदासाठी एकच अर्ज आला, त्यांच्या मुलीचा. देवश्री लहानपणापासून वडिलांबरोबर येत असे आणि त्यांच्या शेजारी बसत असे. तिला पद नको होते, दगड हवा होता. पण मंडळाच्या बसने येणाऱ्याला पदाशिवाय पाण्याकडे तोंड करता येत नाही, त्यामुळे तिचा इलाज नव्हता.

“बेटा, पद वारशाने देता येत नाही,” अध्यक्ष प्रतापराव म्हणाले. (त्यांच्याआधी त्यांचे वडील अध्यक्ष होते. तो योगायोग.)

“वारसा नाही, काका, अनुभव. बाबांशेजारी बसायचे ना मी.”

“बसायचीस. पण कुणाच्या हुकमाने? वहीत कुठेच नाही.”

इतक्यात प्रतापरावांचा पुतण्या उत्कर्ष पुढे सरसावला. “काका, माणूस कशाला पाहिजे? ड्रोन उडवू, मोठा टीव्ही लावू. खाता खाता पाणी! एकदम जोरदार लागेल ने!”

दोघांची परीक्षा पुढच्याच रविवारी घ्यायचे ठरले. देवश्री हरल्यास त्या दगडावर टीव्हीचा जनरेटर ठेवायचा होता, कारण बांधावर सपाट जागा तेवढीच.

रविवारी टीव्ही झाडाखाली लागला. सभासद पाण्याकडे पाठ करून बसले आणि पडद्यावर पाणी पाहू लागले. वरून दिसणारा निळा विस्तार, खाली सतारीची धून.

“अगंबाई, काय सुरेख तळं आहे!” मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ इंदिराबाई म्हणाल्या. “कुठलं रे हे? एकदा जायला हवं.”

(सूचना विचारार्थ घेण्यात आली.) टाळ्या झाल्या. जनरेटर उचलायला दोघे उठलेसुद्धा.

मग देवश्री बांधावरून खाली आली. ‘पाणी शांत’ एवढेच म्हणायचे, असे तिने येताना ठरवले होते.

“पाणी खूप उतरलंय,” ती म्हणाली. “इतकं कधी उतरलं नव्हतं. बाबांच्या दगडाखाली आणखी एक पायरी निघालीय. सत्तावीस वर्षं ते तिच्यावरच बसत होते, पण त्यांना ती कधी दिसली नाही.”

इंदिराबाईंनी बशी खाली ठेवली.

“कुठे गं? दाखव बरं.”

त्या उठल्या. त्यांच्यामागे सात जण उठले, मग एकोणीस, मग जवळजवळ सगळेच. ब्याऐंशी वर्षांच्या इंदिराबाई दगडावर टेकल्या, बाकीचे बांधावर रांगेने उभे राहिले आणि अकरा मिनिटे पाण्याकडे नुसते पाहत राहिले. इकडे सेव मऊ पडली. सतरंजीवर एकटे उरलेले प्रतापराव हा सारा बेशिस्त प्रकार टीव्हीवर पाहत होते.

“अगं उभी काय,” इंदिराबाई देवश्रीला म्हणाल्या, “बेस ना इथे. सरकते मी.”

तातडीची सभा परतीच्या बसमध्येच झाली. टीव्ही पाहून सभासदांना ‘एकदा’ जावेसे वाटते. त्यात धोका नाही. देवश्रीचे ऐकून मात्र ते तत्काळ उठतात. अशी व्यक्ती बिनपदाची मोकळी ठेवणे मंडळाच्या हिताचे नाही, सबब तिला ताबडतोब जलप्रेक्षक नेमून नियमाखाली आणावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अट एकच: यापुढे पाण्याविषयीचा कोणताही मजकूर असा असावा, की कुणालाही जागचे उठावेसे वाटू नये.

देवश्रीने सही केली. दगड मिळाला.

वरील मजकूर त्या अटीला धरूनच तयार करण्यात आला आहे. आपण तो बसल्या जागी शेवटपर्यंत वाचलात आणि मध्येच उठून कुठल्याही पाण्याकडे गेला नाहीत, याबद्दल मंडळ आपले आभारी आहे.