भरलेलं दिसणारं घर

दर डिसेंबरात पेठेकाका आमच्या अर्ध्या रस्त्याचे कपडे वाळत घालतात. कपडे धुतलेले नसतात. पहिल्या वर्षी मी विचारलं, "काका, निदान पाण्यातून तरी काढता का?" तर म्हणाले, "कशाला? चोर काय हात लावून बघणार आहे?"

सिडनीच्या टूनगॅबीतला आमचा रस्ता सुट्ट्या लागल्या की ओस पडतो. कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, कोणी हैदराबादला. विमानतळाकडे जाताना सगळे आपापल्या घराची किल्ली काकांकडे टाकतात आणि काका घरं भरायला लागतात. भरायला म्हणजे दिसायला. आज याची कचऱ्याची बिन बाहेर काढ, उद्या त्याची आत घे. एका घरात रेडिओ लावून ठेव. दुसऱ्याच्या ओट्यावर दोन कप ठेव, त्यातल्या एकात थोडा चहा. समोरच्या ग्रेगकडून त्यांनी चिखलाने माखलेले, लोखंडी टोकाचे अवाढव्य बूट मागून आणले आहेत. ते बूट आज आमच्या दारात, परवा शेजारच्या रेड्डींच्या दारात. आमच्या पोस्टमनची अशी समजूत असणार की या रस्त्यावरच्या सगळ्या भारतीय बायकांचा एकच धिप्पाड भाऊ आहे आणि तो बांधकामावर जातो.

काका निवृत्त झाले ते सरकारी खात्यातून. पुण्याहून शिकायला आले, घरफोड्या कुठे आणि का होतात यावर संशोधन केलं, आणि मग गुन्हे होऊच नयेत म्हणून काय करावं याची धोरणं लिहिण्यात सगळी नोकरी घालवली. कुठल्या गल्लीत दिवा हवा, कुठलं कुंपण ठेंगणं हवं, गाडीतळाला दार कुठून हवं. माझा नवरा अनिल एकदा त्यांना म्हणाला, "काका, इतकी वर्षं या धंद्यात, एक तरी चोर पकडलात का?"

"पकडायला त्याने आधी चोरी करायला हवी ना? म्हणजे मी नापास!"

"मग पास झालात हे कसं कळायचं?"

"काही झालं नाही ना? मग झालं!"

हे त्यांचं लाडकं वाक्य. आम्ही भारतातून परत आलो की किल्ली हातात ठेवताना ते हेच म्हणतात. शिवाय एक तत्त्वज्ञान आहे: माणूस बदलायच्या फंदात पडू नये, जागा बदलावी. ते कुठेही लागू करतात. माझी मुलगी अभ्यास करत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला दोन शब्द सांगायच्या ऐवजी तिचं टेबल खिडकीपासून उचलून भिंतीशी लावलं. तिने "नो वरीज, काका" म्हटलं आणि संध्याकाळी परत खिडकीशी नेलं.

मी एका लॅबमध्ये लोकांच्या शिफ्ट लावते. त्यामुळे कोण कुठे असायला हवं आणि नाही, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. एकदा आम्ही लवकर परतलो, तर तारेवर मुलीचा शाळेचा युनिफॉर्म. मी म्हटलं, "काका, सुट्टीत युनिफॉर्म कोण धुतं? मी चोर असते तर आधी याच घरात शिरले असते." काकांचा चेहरा पडला. जणू मी त्यांची पदवीच काढून घेतली. मग मात्र कौतुकाने म्हणाले, "वर्षा, तू पॉलिसीत हवी होतीस." तेव्हापासून कपडे निवडताना ते मला पुण्याला फोन करतात. अनिलचा चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा बाहेर टांगावा का, यावर सासूबाईंच्या समोर आमची चर्चा झालेली आहे.

शैलाकाकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतर मी पाहिलं, काकांच्या दाराशी काकूंच्या मरून रंगाच्या चपला तशाच होत्या. रविवारी मागच्या तारेवर काकूंची साडी असायची, आमच्या कुंपणावरून दिसायची. "एकट्या माणसाचं घर सगळ्यात सोपं," असं काकाच शिकवायचे. मला पद्धत पटली. मी त्यांना तसं सांगितलंही होतं: चपला मधूनमधून जागा बदलून ठेवता, हे उत्तम.

काकांची मुलगी मुग्धा मेलबर्नजवळ टार्निटला असते. घर मोठं, बाबांसाठी खाली खोली, खोलीला लागूनच बाथरूम, सगळं तयार. काका जात नाहीत. "डिसेंबरात रस्ता रिकामा होतो," म्हणतात. "बाबा, डिसेंबर वर्षातून एकदा येतो!" असं ती ओरडते. या खेपेला तिने मला पुण्यात फोन केला. "वर्षाताई, परवा ते शिडीवर चढून छपराचं गटर साफ करत होते. मला ग्रेगने सांगितलं. तुमचं ऐकतात ते. सांगा ना, घर विका म्हणून."

मला तिचं बरोबर वाटलं. सत्तरीचा माणूस, एकटा, शिडीवर. मी सांगते म्हटलं. विमानात काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं.

लॅबमध्ये माणसं कमी होती म्हणून मी अनिल आणि मुलीच्या आठवडाभर आधी परत आले. रविवार, ऊन मी म्हणत होतं. माझ्या दारात ग्रेगचे बूट होते, आत रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. किल्ली काकांकडे. त्यांची बेल वाजवली, उत्तर नाही. काकूंच्या चपला ओलांडून मी बाजूच्या फाटकातून मागे गेले.

तारेवर काकूंची निळी सुती साडी होती. खालच्या फरशीवर थेंब पडत होते.

मी हात लावला. ओली. हाताने पिळलेली, साबणाचा वास येत होता. काका मागच्या दारातून चिमट्यांची टोपली घेऊन आले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"अगं, तू? पुढच्या रविवारी येणार होतीस ना? आणि बाजूच्या फाटकाला कडी नव्हती?"

"नव्हती. काका, ही ओली आहे."

"धुतली तर ओलीच असणार."

"पण चोर काय हात लावून बघणार आहे?"

हे बोलून गेले आणि मला कळलं की बोलायला नको होतं. काकांनी एक चिमटा काढला, तोच परत लावला.

"कपाटात राहिल्या की वास लागतो गं," ते म्हणाले. "दर रविवारी एक काढतो. सगळ्या झाल्या की परत पहिली."

त्यांनी चहा टाकला. मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले, तर तेच म्हणाले, "मुग्धाचा फोन आला असेल तुला."

"आला होता."

"मग?"

विमानात जुळवलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, क्रमाने. मी कप खाली ठेवला.

"मग काय? पुढच्या वर्षी आम्ही महिनाभर जाणार. घर कोण भरणार? ग्रेगला काय कळतंय पायजम्यातलं? तिला मी सांगते. फक्त गटर अनिल साफ करेल. शिडी आमच्या गॅरेजमध्ये जाईल, आजच."

"शिडी माझी आहे."

"काका, मागच्या अंगणात शिडी ठेवणाऱ्याला तुम्हीच काय म्हणता?"

त्यांनी माझा कप उचलला आणि दुसरा चहा टाकला.

सिडनीचं जानेवारीचं ऊन. दुसरा चहा होईपर्यंत साडी खडखडीत वाळली. काकांनी ती काढून खांद्यावर टाकली आणि घडीसाठी एकटेच चाचपडायला लागले. हात पुरत नव्हते, साडी फरशीला लागत होती. साडीची घडी दोघांनी घालायची असते. इतके रविवार त्यांनी कशी घातली असेल कोण जाणे. मी उठून बाहेर गेले आणि हाताला आलेलं टोक धरलं.

"ते नाही," काका म्हणाले. "ते माझं. तू पदराकडचं धर."

आम्ही टोकं बदलली. ते दाराकडे सरकले, मी तारेकडे, आणि साडी ताणली गेली.