न शिकणाऱ्यांचा वर्ग

"दोन्ही गटांना एकमेकांचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. बाकी काही चुकलं तर निस्तरता येतं, हे नाही."

प्रकल्पबाईंना त्यांच्या सरांनी असं बजावून ठेवलं होतं. सर निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेले, पण आवाज विद्यापीठातच विसरून गेले. सकाळी विभागाचं दार उघडताना तो बाईंच्या कानात वाजे आणि बाई मनातल्या मनात "हो सर" म्हणून आत पाऊल टाकत.

प्रकल्पबाई हे नाव विभागाने ठेवलेलं. त्यांची नोकरी प्रकल्पाला टांगलेली होती. अनुदान आहे तोवर बाई, अनुदान संपलं की नुसतं टेबल.

प्रकल्प साधा होता. म्हातारपणी माणसं पडतात, हाडं मोडून घेतात. तीन चेंडू उडवून झेलायला शिकली तर त्यांचा तोल सावरेल का, एवढंच बघायचं होतं. आजूबाजूची म्हातारी माणसं गोळा केली, चिठ्ठ्या टाकल्या, दोन गट पाडले. एका गटाला व्यायामशिक्षक चेंडू झेलायला शिकवणार. दुसऱ्याला काहीही शिकवायचं नाही. त्यांनी तुलनेपुरतं जमायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या. पहिल्या दिवशी आणि मग वर्षअखेर सगळ्यांना एका पायावर उभं करून मोजायचं. दोन गटांत फरक दिसला तर दुसऱ्या वर्षाचं अनुदान. नाही दिसला तर वर्गही बंद आणि बाईही घरी.

पण चिठ्ठीला नाती कळत नाहीत. एकाच इमारतीत वरखाली राहणाऱ्या दोन विहिणींनी नावं दिली होती. मुलाची आई चेंडूंच्या गटात गेली आणि मुलीची आई गप्पांच्या.

मुलाची आई नियमाला धरून वागली. तिने कुणाला काही म्हणजे काही शिकवलं नाही. ती फक्त सराव करायची, स्वयंपाकघरात, तीन बटाटे घेऊन, आणि तोही नेमका विहीणबाई वाटाणे सोलायला वर आल्या की.

"तुम्ही बघू नका हं, विहीणबाई. तुमच्या गटाला चालत नाही."

"मी कुठे बघतेय? मी वाटाणे बघतेय," मुलीची आई म्हणायची.

तिने वाटाणे इतके मन लावून बघितले, की काही दिवसांतच खालच्या मजल्यावरून कांदे पडल्याचे आवाज येऊ लागले. आणि थोड्या दिवसांनी ते येईनासे झाले.

आता, शिकलेली गोष्ट पोटात राहत नाही. गप्पांच्या गटात एव्हाना विषयांचा दुष्काळ पडला होता. गुडघे बोलून झाले होते, सुना बोलून झाल्या होत्या, जावयांचा तर चोथा झाला होता. एके दिवशी मुलीच्या आईने पिशवीतून मोज्यांच्या तीन गुंडाळ्या काढल्या आणि म्हणाली, की मी नुसतं दाखवतेय, शिकवत नाहीये. मग बाकीच्यांनीही नुसतं बघितलं, नुसतं हातात घेतलं आणि नुसतं उडवलं.

बाईंना याचा पत्ता लागला तो भाजीच्या गाडीपाशी. गप्पांच्या गटातले शिंपीकाका तिथे उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर तीन लिंबं एकामागून एक फिरत होती. बाई दिसताच दोन लिंबं पुन्हा टोपलीत गेली.

"निवडत होतो," काका म्हणाले.

"तिसरं खिशात गेलंय, काका," भाजीवाली म्हणाली. "तेही निवडलं असलं तर वजनात घाला."

नुसता वारा नाही, वादळच लागलं होतं. त्यांनी त्याच दिवशी गप्पांच्या गटाचा वार बदलला, वेळ बदलली, आणि विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळवायला धावाधाव केली. खोल्या सगळ्या भरलेल्या. शेवटी क्रीडा विभागाने मोठ्या मनाने आपली सामानाची खोली दिली. चार बाजूंनी बंद, कुणाची ये-जा नाही. बाईंनी देवाचे आभार मानले. खोलीत सामान म्हणजे काय असतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. कपाटं उघडली तेव्हा गप्पांचा गट हरखून गेला. इतके दिवस मोज्यांवर भागवत होते बिचारे. आता पोतं भरून चेंडू, आणि तेही विद्यापीठाने आपणहून दिलेले.

वर्षअखेर मोजणी झाली. चेंडूंचा गट एका पायावर पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ उभा राहिला. गप्पांचा गटही तेवढाच. फरक शून्य. कागदावर याचा अर्थ एकच निघत होता, की चेंडू झेला नाहीतर चहा प्या, सारखंच.

अनुदान समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. विभागप्रमुखांनी हळूच सुचवलं, की गप्पांच्या गटाला तापाची साथ आली, म्हणून आकडे नाहीत, असं सांगून टाकावं. बाई म्हणाल्या, "नको सर. खोटं बोलून आणलेलं अनुदान मला पचायचं नाही." प्रमुखांनी सुस्कारा टाकला आणि बाईंच्या टेबलाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच रिकामं झालंय.

समितीच्या अध्यक्ष वयस्कर होत्या, हातात काठी होती. बाई तोंड उघडणार, तोच अध्यक्षांनी गप्पांच्या गटाला विचारलं, तुम्ही इथे काय करता. गप्पा, असं सगळे एका सुरात म्हणाले. इतक्या एका सुरात, की अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो पुसताना हातातून निसटला. जमिनीला टेकायच्या आत मुलीच्या आईने तो डाव्या हाताने झेलला, सवयीने वर उडवला, उजव्या हातात घेतला आणि अदबीने पुढे केला.

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आधी तिच्याकडे, मग बाईंकडे नीट पाहिलं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. बटाट्यांपासून पोत्यापर्यंत. चूक माझी आहे, यांच्या वर्गाला शिक्षा नको, असंही म्हणाल्या.

"म्हणजे एकही न शिकलेला माणूस उरला नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी आहे," मागून आवाज आला.

ते निवृत्त स्टेशनमास्तर होते. वर्षभर ते खुर्ची भिंतीकडे फिरवून वर्तमानपत्र वाचत बसले होते. चेंडू पायाशी आला तरी त्यांनी मान वळवली नव्हती. बाईंनी कागद पाहिले. एका पायावर मास्तर पहिल्या दिवशी जितके टिकले, तितकेच आताही टिकले होते. बाकी सगळे सुधारले होते.

"एका माणसावर शास्त्र उभं राहत नाही," अध्यक्ष म्हणाल्या. "तेही एका पायावर." मग हजेरी चाळता चाळता त्या थांबल्या. चेंडूंच्या गटातली निम्मी माणसं मधेच गळाली होती. गप्पांच्या गटातलं कुणी चुकलं नव्हतं. "यांना शिकवलं कुणी?"

सगळ्यांनी मुलीच्या आईकडे बोट दाखवलं. ती पदराशी चाळा करत राहिली.

"आहे तस्सा अहवाल लिहा," अध्यक्ष बाईंना म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी प्रश्न बदला. शिक्षकाशिवाय म्हातारी माणसं एकमेकांना कशी शिकवतात, ते शोधा. एवढ्यासाठी मी वर शब्द टाकते."

समिती गेली, चहा झाला. मास्तर मात्र बाईंच्या टेबलापाशी घुटमळत राहिले.

"म्हणजे काही शिकणार नाही, हा मी दिलेला शब्द आता सुटला का?" त्यांनी विचारलं. "शिकता येईल?"

"येईल की, काका. हे सगळे शिकवतील तुम्हाला."

"यांच्याकडून नको. वर्षभर यांनी माझ्या पाठीमागे मजा केली. तूच शिकव, पोरी. पडायची भीती वाटते गं आता. न्हाणीघरात जाताना भिंत धरतो."

बाईंना गलबलून आलं. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेऊन सांगितलं, की सोमवारपासून मीच शिकवीन, तुम्ही नक्की या. मास्तर समाधानाने गेले. सुधारणा नसलेल्या पायांनी, जपून.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी वर्षभर माणसं मोजली होती, आकडे मांडले होते, खोल्या बदलल्या होत्या. चेंडू मात्र एकदाही उडवला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी त्या घराच्या वाटेला लागल्या नाहीत. विहिणींच्या इमारतीपाशी आल्या, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पर्स खांद्यावरून तिरकी अडकवली, आणि खालच्या मजल्यावरच्या दाराची कडी हलकेच वाजवली.