साडूचं विमान आणि आप्पांची कडी

आप्पांनी ठरवलं होतं ते काही फार मोठं नव्हतं. साडूला एक प्रश्न विचारायचा, बस्स. "काय हो कॅप्टन, पायलट व्हायला नक्की काय काय लागतं?" असं अगदी सहज, पाणी मागावं तसं विचारायचं, उत्तर ऐकून "हात्तिच्या, एवढंच होय!" म्हणायचं, आणि बायकोचा चेहरा बघायचा.

आप्पा म्हणजे एका पार्सल कंपनीच्या रवानगी विभागातले हेडक्लार्क. वय वर्षं बेचाळीस. (आप्पा हे नाव पाळण्यातच चिकटलं. तेव्हाच म्हणे त्यांचा चेहरा पेन्शनीला आलेल्या माणसासारखा होता.) कुठली गाडी कुठल्या रस्त्याने कधी सोडायची, हे ते सतरा वर्षं ठरवत आले होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या खोक्यांनी जग पाहिलं. आप्पांनी खोकी पाहिली.

आणि साडू? बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा कॉर्पोरेट पायलट होता. म्हणजे तिकीट काढून बसणाऱ्या तीनशे लोकांचं विमान नव्हे. एका बड्या उद्योगपतीचं आठ खुर्च्यांचं खासगी जेट. सासरची झाडून सगळी मंडळी त्याला 'कॅप्टन' म्हणत. आप्पांना आप्पाच म्हणत.

खरं सांगायचं तर आप्पांच्या पोटात दुखायचं, आणि चांगलंच दुखायचं. विमानाचं त्यांना काही नव्हतं. दुखायचं ते बायकोच्या नजरेमुळे. कॅप्टन पांढराशुभ्र शर्ट घालून दारात उभा राहिला, की हिचा चेहरा असा काही खुलायचा! तसं कौतुक लग्नाच्या सोळा वर्षांत आप्पांच्या वाट्याला एकदाच आलं होतं, बंद पडलेला मिक्सर त्यांनी सुरू केला तेव्हा. (प्लगच नीट बसलेला नव्हता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.) आयुष्यात एकदा तरी तिने आपल्याकडे तसं बघावं, आणि तेही तिच्या ताईसमोर, एवढंच आप्पांचं मागणं होतं.

तर कॅप्टन आणि ताई चहाला आले तेव्हा आप्पांनी प्रश्न विचारला. कॅप्टन खूश झाला. हेच तर त्याचं वाईट होतं, माणूस मनाने चांगला होता. साडू शिष्ट असला की त्याच्यावर निवांत जळता येतं. हा पठ्ठ्या खुर्ची पुढे ओढून मनापासून सांगायला बसला.

"पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. डोळे, कान, हृदय."

"माझे कान उत्तम आहेत," आप्पा म्हणाले.

"कान उत्तमच आहेत. ऐकत नाहीत, एवढंच," बायको म्हणाली.

"मग लेखी परीक्षा," कॅप्टन म्हणाला. "हवामान, दिशा, हवाई नियम, इंजिन. मग शिकाऊ विमानातले तास. गुरूबरोबर, मग एकट्याने, मग नुसते काटे बघून ढगातून. मग व्यावसायिक लायसन. पण लायसन मिळालं म्हणून कुणी आपलं जेट हातात देत नाही. मी तीन वर्षं दुसऱ्यांना शिकवून तास जमवले, दोन वर्षं जमिनीचे नकाशे करणाऱ्यांना घेऊन घिरट्या घातल्या. मग त्या ठरावीक जेटचं वेगळं शिक्षण, मग को-पायलट, आणि मग कुठे ही खुर्ची."

"आणि सुरुवात केली तेव्हा हे पस्तिशीचे होते," ताई म्हणाली.

"बाई गं!" बायको म्हणाली, आणि तिचा चेहरा तसा खुलला.

आता ठरल्याप्रमाणे आप्पांनी "हात्तिच्या" म्हणायचं होतं. पण तो चेहरा बघून त्यांच्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मग मीही करावं म्हणतो."

ताईच्या चमच्यातली साखर कपाबाहेर पडली.

"काय करावं म्हणता?" बायकोने विचारलं.

"पायलट."

कॅप्टन हसला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तकांचं एक खोकं पाठवलं, आणि सोबत गुंडाळी करून एक भलंमोठं चित्र. त्यात कॉकपिट होतं: सगळी बटणं, काटे, दांडे, अगदी खऱ्या मापाचे. शिकाऊ पायलट म्हणे असं चित्र भिंतीला लावून समोर बसतात आणि डोळे बांधून प्रत्येक बटणावर बोट ठेवायचा सराव करतात. चिठ्ठीत कॅप्टनने लिहिलं होतं, "एक लक्षात ठेवा. संकट आलं की आधी विमान सांभाळायचं, मग वाट शोधायची, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी."

पुढचे तीन आठवडे घरात अभ्यास झाला. आप्पा ढगांची नावं पाठ करायचे आणि कपडे वाळत घालायला निघालेल्या बायकोला थांबवून हवामान सांगायचे. (तिचे कपडे दोनदा भिजले.) ऑफिसात त्यांनी एका व्हॅनच्या ड्रायव्हरला "उड्डाणाला परवानगी आहे" असं सांगितलं. तो बिचारा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बसून राहिला. आणि मग आप्पांनी कॅप्टन आणि ताईला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. बेत असा, की जेवण झाल्यावर सर्वांसमोर डोळे बांधून बसायचं आणि सगळीच्या सगळी बटणं बिनचूक दाखवायची. बघू दे मग तिला कुणाकडे बघायचं ते.

रंगीत तालमीसाठी जागा हवी होती. दिवाणखान्याच्या भिंतीला चित्र चिकटवायला बायकोने साफ नकार दिला. आतल्या खोलीत कपाटं. राहिलं बाथरूमचं दार. आतल्या बाजूने चित्र असं चपखल बसलं, की दाराची कडी नेमकी चाकं खाली सोडायच्या दांड्यावर आली! आप्पांना कोण आनंद झाला. चित्रातला दांडा नुसता रंगवलेला, आपला खराखुरा सरकणारा. त्यांनी तेवढा कागद कापला, कडी बाहेर काढली आणि चित्राला सढळ हाताने डिंक लावला.

डिंक ऑफिसातला होता. पार्सलांवर पत्ते चिकटवायचा. पाऊस लागो, ऊन लागो, खोकं फाटेल पण पत्ता हलायचा नाही, अशी त्याची ख्याती. आणि ती ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरणारे आप्पाच.

रविवारी साडेबाराला त्यांनी बाथरूमच्या स्टुलावर बैठक मारली, बायकोच्या स्कार्फने डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि "चाकं खाली" म्हणत कडी सरकवली. ओल्या डिंकातून ती झकास सरकली. मग त्यांनी पंधरा मिनिटं तालीम केली. डिंकाला वाळायला तेवढी पुरली.

शेवटचा प्रयोग होता पूर्ण वेगाने उड्डाणाचा. चित्रातला वेगाचा दांडा कागदी, त्यात काही मजा येईना. उजव्या हाताला शॉवरचा नळ होता. आप्पांनी तो मुठीत धरला आणि "पूर्ण ताकद!" म्हणून पुढे रेटला. नळ मुठीत आला. भिंतीतून पाण्याचा फवारा सुटला तो थेट छातीवर.

आप्पांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर बोंब मारली.

नेमकी त्याच क्षणी दाराची घंटा वाजली. पाहुणे आले.

"अहो, काय झालं?" बायको बाथरूमबाहेरून ओरडली.

"काही नाही! पाणी आहे!"

"बाथरूममध्ये पाणी असायचंच! दार उघडा!"

"उघडत नाही! कडी चिकटली!"

"मग पट्टीबिट्टी काढा आणि नीट बघा!"

पट्टीची गाठ भिजून इतकी घट्ट झाली होती, की नखं मोडली तरी सुटेना. तेवढ्यात दारापलीकडून तो आवाज आला. शांत, खालच्या पट्टीतला, ढगांतून वाट काढणारा.

"आप्पा, मी बोलतोय. घाबरू नका. एकेक काम करू. पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे?"

"आतच आहे. इथेच कुठेतरी!"

"उत्तम. मग डोळे बांधलेलेच असू द्या. हाताने शोधा. हाच तर सराव केलाय तुम्ही."

आप्पांना जेटच्या इंधनाच्या पंपाचं बटण झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. स्वतःच्या घरातला व्हॉल्व मात्र त्यांनी सोळा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी भिंत चाचपली. साबण सापडला. ब्रश सापडला. टॉवेलची दांडी सापडली आणि निघून हातात आली.

"नाही सापडत!"

"आरशाखाली!" बायकोचा आवाज आला. "बादली आहे ना, तिच्या मागे, डाव्या हाताला. पिवळा आहे! आता पिवळा कसा दिसणार म्हणा. गोल आहे, उजवीकडे फिरवा!"

पाणी थांबलं. मग बाहेर स्क्रूड्रायव्हरचा किरकिर आवाज सुरू झाला. कॅप्टन बिजागऱ्या काढत होता. पाच मिनिटांत दार अख्खंच्या अख्खं, कॉकपिटसकट, त्याच्या हातात उचलून आलं. पलीकडे आप्पा उभे होते, डोळ्यांवर फुलाफुलांची पट्टी, एका हातात नळ, एका हातात टॉवेलची दांडी, पायाखाली घोटाभर पाणी.

बायकोने कात्रीने पट्टी कापली. आप्पांनी डोळे उघडले ते थेट तिच्या चेहऱ्यावर. खुललेला होता. पण बघत होती ती दार धरून उभ्या असलेल्या कॅप्टनकडे. आप्पांना वाटलं, पाणी अजून थोडा वेळ चालू राहिलं असतं तरी चाललं असतं.

कॅप्टनचा शर्ट भिजला म्हणून त्याला आप्पांचा निळा शर्ट दिला. हाही एक मारच. तो शर्ट आप्पांच्या अंगावर कायम खुंटीला टांगल्यासारखा दिसे; कॅप्टनच्या खांद्यांवर तो असा बसला, की ताईने विचारलं, "कुठून घेतलात हो?" आप्पांनी जेवणात लक्ष घातलं.

आणि तिथे, दुसऱ्यांदा वाढून घेताना, कॅप्टन अचानक म्हणाला, "आप्पा, खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो."

आप्पांचा घास हवेतच राहिला. "माझा?"

"रोज साडेपाचला घरी. रोज बायकोसमोर बसून जेवण. माझा फोन कधीही वाजतो. चार तासांत निघायचं. मालक मीटिंगला गेले की मी आठ-आठ तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो. त्यांच्या बॅगा मीच चढवतो, कॉफी मीच भरून घेतो. परवा त्यांच्या कुत्र्याला विमान लागलं, ते मीच पुसलं. लग्नाचा वाढदिवस गेली सहा वर्षं मी फोनवरच साजरा करतोय."

ताईचे डोळे भरून आले. तिने धाकट्या बहिणीचा हात धरला. "तू नशीबवान आहेस बाई. तुझा माणूस वेळेवर घरी तरी येतो."

बायकोने आप्पांकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. आणि तिचा चेहरा खुलला! आप्पांकडे बघून! ताईसमोर!

सतरा वर्षांची खुर्ची आप्पांना एकदम सिंहासन वाटायला लागली. जळफळाट कुठल्या कुठे गेला. आनंदाने ते इतके ऐसपैस झाले, की थांबायचं कुठे तेच कळेना. "अहो, माझं तर काहीच नाही," ते म्हणाले. "आमच्या रवानगी विभागाच्या साहेबांचं बघा! ते तर माझ्याहून सुखी. नुसत्या सह्या. पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. ती जागा म्हणजे स्वर्ग!"

"कोण येणार त्या जागेवर?"

"ज्येष्ठतेने म्हणाल तर मीच. पण अर्ज कुणालाही करता येतो, अगदी बाहेरच्यालाही. नियमच आहे तसा."

"अर्ज कसा करायचा असतो?" कॅप्टनने विचारलं. आवाज इतका केविलवाणा, की आप्पांना दया आली. बिचाऱ्याला स्वप्न तरी बघू दे, असं म्हणून त्यांनी पेन काढलं आणि आपल्या कसलेल्या कचेरी भाषेत सुरेख अर्ज लिहून दिला. 'वाहतूक नियोजनाचा प्रदीर्घ अनुभव, प्रतिकूल हवामानातही वक्तशीर रवानगी' हे वाक्य तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. बायको कौतुकाने ऐकत होती. त्या कौतुकावर ते आणखी दोन ओळी लिहायला तयार होते. स्वतःचा अर्ज त्यांनी मागाहून केला, घाईत, चार ओळींचा. ज्येष्ठता होतीच की.

कंपनीच्या संचालकांना कॅप्टनचा अर्ज फार आवडला. धुक्यातून जेट उतरवणारा माणूस व्हॅना सोडणार नाही तर काय! शिवाय अर्जाची भाषा, ते म्हणाले, अगदी आपल्याच विभागातली वाटते. एक तारखेला कॅप्टन रवानगी विभागाच्या केबिनमध्ये येऊन बसला. सगळे आता त्याला साहेब म्हणतात. आप्पाही म्हणतात.

साहेब मनाने अजून तितकाच चांगला आहे. कामाला शिस्त लावायची म्हणून त्याने एक नवी पद्धत सुरू केली: शेवटची व्हॅन पोचल्याचा निरोप येईपर्यंत विभागात एक जबाबदार, अनुभवी माणूस थांबलाच पाहिजे. असा माणूस विभागात एकच होता. साहेबाने तसं सर्वांसमोर सांगितलं, आप्पांच्या पाठीवर हात ठेवून, आणि घड्याळात बघून साडेपाचला तो घरी गेला.

शेवटची व्हॅन आठला पोचते. परवा आप्पा घरी आले, बूट काढले, आणि काही बोलणार तेवढ्यात बायकोने झाकून ठेवलेलं ताट पुढे सरकवलं.

"ताईचा फोन आला होता," ती म्हणाली, आणि सांगता सांगता तिचा चेहरा तसा खुलला. "एवढे मोठे साहेब, पण भावोजी बघा, रोज साडेपाचला घरी! त्याच ऑफिसात तुम्ही सतरा वर्षं आहात. तुम्हाला हो कधी जमणार?"